बिनआवाजाचा यूपीएस

४ नोव्हेंबर, मंगळवार

एकतीस कागद गेले! एकतीस! सकाळी आठपासून ही टाइप करत बसली होती. अकराला लाइट गेले, कॉम्प्युटर फट्कन काळा, तीन तासांचं काम हवेत. हॉस्पिटलचा तो प्रोग्राम असा दळभद्री की सेव्ह करायलाच पाच मिनिटं घेतो, म्हणून ही उठताना एकदाच सेव्ह करते.

बायको ओरडली नाही, रडली नाही. काळ्या पडद्याकडे बघत बसली. तेच वाईट.

सव्वीस वर्षं त्याच हॉस्पिटलात चौकशीच्या फोनवर होती. दोन वर्षांपूर्वी एकदम सोडलं — ‘कंटाळा आला.’ आता त्यांचेच जुने, हाताने लिहिलेले केसपेपर घरी आणून कॉम्प्युटरवर चढवते. ज्यापुढे औषधवालेसुद्धा हात टेकतात ते डॉक्टरांचं अक्षर ही झरझर वाचते. पण आज रेकॉर्डवाल्या बाईंचा निरोप आलाय — चोवीस तारखेपर्यंत गठ्ठा आला नाही तर काम दुसरीकडे. हिचा जीव आहे त्या कामात.

म्हटलं, ‘यूपीएस आणतो. चांगला, बिनआवाजाचा. तुला शांतता लागते.’

‘लाइट गेलेले कळले आणि काम वाचलं, एवढं पुरे,’ म्हणाली. मग नेहमीचं टुमणं — ‘मिशी जरा बारीक करा ना.’ यूपीएसचा आणि मिशीचा काय संबंध!

५ नोव्हेंबर, बुधवार

कारखान्यात, आमच्या पंपाच्या मोटारी तपासणाऱ्या थोरल्या मिस्त्रींना आज टेस्टिंगच्या टेबलावरून उठवलं. धक्काच बसला मला. पंपाचं बेअरिंग खरडतंय, मला दारातून ऐकू येतंय, आणि हे पुढ्यात उभं राहून म्हणतात ‘ठीक आहे!’ तीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस! पॅकिंगला बसवलं. चष्मा पुसला आणि गेले.

मी या धंद्यात आलो तेव्हा खिशात काही नव्हतं, नुसते कान होते. दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारायचो आणि झाडता झाडता सांगायचो, कुठली मोटार आठवड्यात बसणार. त्या कानांवर आज माझा कारखाना उभा आहे.

जेवताना हिला म्हटलं, ‘कान गेले की मिस्त्री संपला. आता खोकी चिकटवायची.’

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अलीकडे रोज समोरच बसते जेवायला, नजर माझ्या तोंडावरून हलत नाही. या वयात! मी मनातल्या मनात फुगतो.

‘बरं,’ म्हणाली, आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

यूपीएस आला. खोक्यावर छापलंय ‘अत्यंत शांत’. छापणाऱ्याचे कान तपासायला हवेत! चालू केल्या केल्या घूंऽऽ. प्लग काढून बघितला तर आणखी कहर — बॅटरीवर गेला की गुरगुरतो, टेबल थरथरतं, टेबलावरची पेन्सिल चालायला लागते. खरंच चालते! कडेपर्यंत आली आणि खाली पडली.

ही मात्र डब्यावर तळवा ठेवून उभी. तोंडावर हसू. ‘राहू दे ना हा. मला आवडला.’

‘हा? त्यापेक्षा पिठाची गिरणीच आणतो घरात!’

तिने हात काढून घेतला. ‘बरं.’

८ नोव्हेंबर, शनिवार

परत केला. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, यूपीएस आहे, देवळातला दगड नाही. थोडा तरी बोलणारच.’ त्याला म्हटलं, मी मोटारींचा माणूस आहे, मला बोलणं आणि कण्हणं वेगळं कळतं.

दुसरा दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्याच्या आत पंखा आहे. पाच मिनिटं गप्प, मग एकदम शिट्टी. मी चहा सांडला. परत!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज हिलाच दुकानात घेऊन गेलो. वापरणार ती, मग निवड तिची. दुकानदाराने तीन यूपीएस ओळीने मांडले. मी म्हटलं, ‘डोळे मीट आणि नुसतं ऐक.’

‘डोळे मिटून मला काही कळत नाही,’ म्हणाली. दुकानदार खो-खो हसला. मीही हसलो.

एकेक चालू केला. पहिला — छे. दुसरा — दाढ दुखावी तसा. तिसरा चालू आहे की बंद, तेच समजेना! आणि हिने काय करावं? माझ्याकडे एकदा बघितलं आणि बरोब्बर तिसऱ्यावर बोट ठेवलं. मी थक्क! म्हटलं, ‘माझ्यासोबत राहून तुझेही कान तयार झाले!’

घरी येताना मीच बोलत होतो.

किंमत ऐकून डोळे पांढरे झाले, पण घेतला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लावला. अहाहा! कान लावला तरी काही नाही. लाइट गेले की फक्त टुक-टुक-टुक-टुक, जरा थांबून पुन्हा चार. म्हणजे सेव्ह करा, बंद करा. वीस मिनिटं मिळतात. यापेक्षा शहाणी वस्तू माझ्या घरात दुसरी नाही, मी धरून.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं तसं लिहून ठेवतो.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ही आत कॉम्प्युटरवर, दाराकडे पाठ. उन्हाचा उजेड, दिवा-पंखा काही चालू नाही. टुक-टुक-टुक-टुक. मी खूश! लाइट गेले आणि माझा यूपीएस उभा राहिला! म्हटलं, आता ही सेव्ह करेल.

टायपिंग चालूच. खटखट खटखट.

पुन्हा चार. पुन्हा चार. मला वाटलं, कागद संपवत असेल. मग टुकटुक जवळजवळ यायला लागले. मग एकसारखा टूंऽऽऽ — आणि बंद. सगळं काम गेलं! दुसऱ्यांदा गेलं!

मी तिरमिरीत उठलो. दारात उभा राहून ओरडलो, ‘झोपलीस काय?’

ती ढिम्म. नुसती काळ्या पडद्याकडे बघत होती.

एक पाऊल पुढे गेलो. ‘अगं!’

तिने चष्मा काढला, पदराने पुसायला लागली. खांदा हलला नाही, मान वळली नाही. तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिलो आणि म्हणालो, तोंडाला आलं ते म्हणालो —

‘अगं, घर पेटलंय.’

ती चष्मा पुसत राहिली.

मग चष्मा लावला आणि त्या काळ्या पडद्यात तिला मी दिसलो. माझे ओठ हलताना दिसले असणार. गर्रकन वळली. ‘काय म्हणालात?’

चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा मी वर्कशॉपात पाहिलाय. हिचा तसा झाला होता. आणि चोरी कसली, तर ऐकू न येण्याची!

१७ नोव्हेंबर, सोमवार

कारखान्यात गेलो नाही. ती नव्याने टाइप करत बसली आहे, लाइट असेल तोवर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुलीला फोन केला. ‘आईच्या कानांचं —’ एवढंच म्हणालो.

‘बाबा, तिला डॉक्टरकडे मीच नेलं होतं. नस सुकतेय, मशीनचाही फार उपयोग नाही म्हणाले. दोन वर्षं झाली! आम्ही मेसेजवरच बोलतो ना.’

‘मला का नाही सांगितलं?’

ती म्हणाली, ‘मला वाटलं तुम्हाला माहितीये. तुम्हाला तर भिंतीपलीकडची पाल ऐकू येते!’

फोन ठेवला आणि खाली बसलो. किराणावाल्याला माहीत. वर्तमानपत्रवाल्याला माहीत. समोरच्या वहिनी हिच्याशी बोलताना आधी दंडाला हात लावतात — मला वाटायचं, काय हा लघळपणा! दाराच्या घंटेला हिने दिवा बसवून घेतला, म्हणे नात आली की झोपमोड नको. नात वर्षातून दोनदा येते! आणि हॉस्पिटलचा फोन सोडला तो कंटाळा आला म्हणून नव्हे. आता डोक्यात दिवे लागतायत, एकामागून एक.

दोन वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्याला ‘बरं’ म्हणाली. एक भांडण नाही. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या घरात बघा! मला वाटलं होतं, मी शहाणा झालोय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज समोर बसलो. ‘दुकानात तिसरा कसा निवडलास?’

‘तुमच्या कपाळावरून. पहिल्या दोघांना तीन-तीन आठ्या होत्या. तिसऱ्याला सगळ्या गेल्या.’

मला हसू आलं. विचारलं, मला का लपवलंस? मला?

उत्तर तयारच होतं तिच्याकडे. कधीचं तयार असणार. ‘ज्याला ऐकू येत नाही त्याला तुम्ही काय म्हणता, ते मी रोज जेवताना बघते. मिस्त्री संपला म्हणालात. खोकी चिकटवायची म्हणालात. मग मला कुठे बसवणार होतात?’

मी बोलायला लागलो, मोठमोठ्याने, काय बोललो आठवत नाही. तिने हात वर केला.

‘ओरडू नका हो. ओरडलात की ओठ वाकडे होतात, काही कळत नाही. आणि अर्धं त्या मिशीत जातं.’

मिशी!

बत्तीस वर्षांची मिशी. मोरीत जाऊन उतरवली. बाहेर आलो तर ही माझ्याकडे बघून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘अगं बाई, हा कोण माणूस?’

मलाही माहीत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गठ्ठ्यातले ऐंशी कागद राहिलेत. तीन दिवस. लाइट गेले की मी धावत जाऊन सांगेन, असं ठरवलं. दिवसभर घरात बसलो, कान देऊन. तिला आवडलं नाही. ‘राखण करताय का माझी?’

खरंय. आणि असा किती दिवस बसणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात गेलो. मिशी नाही म्हणून फाटकावरच्या माणसाने कुणाला भेटायचंय विचारलं. मालक आहे म्हटल्यावर त्याची बोबडी वळली.

सरळ पॅकिंगमध्ये गेलो. थोरले मिस्त्री खोकं चिकटवत होते. त्यांच्यासमोर उभा राहिलो, त्यांना तोंड दिसेल असा.

‘मिस्त्री, कान कधीपासून गेलेत?’

‘तुम्हाला कळलं ना मालक, त्याच्या चार वर्षं आधीपासून.’

चार वर्षं! चार वर्षं माझ्या सगळ्या मोटारी बहिऱ्या माणसाच्या हातून पास झाल्या! आणि परत किती आल्या? आठवून आठवून बघितलं. एकही नाही. हे कसं?

त्यांनी बाजूच्या चालू मोटारीवर पंजा ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. ‘असं. कानाला फसवता येतं मालक, हाताला नाही.’

‘मग त्या दिवशी ते खरडणारं बेअरिंग तुमच्या हातून कसं निसटलं?’

‘माझा हात पोचायच्या आधी तुम्ही दारातून ओरडलात. काय बोललात कळलं नाही, ‘ठीक आहे’ म्हटलं. मालकाला दोनदा कोण विचारतो?’

मी त्यांच्या पंजाकडे बघितलं. आणि मला पेन्सिल आठवली. टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेलेली पेन्सिल, डब्यावरचा हिचा तळवा, आणि ‘राहू दे ना हा’.

मिस्त्रींना म्हटलं, सोमवारपासून टेस्टिंगला. ते म्हणाले, ‘हे खोकं चिकटवून घेतो आधी.’

येताना दुकानात गेलो. पहिला डबा कोपऱ्यात पडून होता, फोडलेलं खोकं कोण घेणार? दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला — आधी मिशीच्या जागेकडे, मग डब्याकडे. ‘साहेब, तीन फेऱ्या मारून सगळ्यात शांत नेलात. आता सगळ्यात धडधड्या हवा?’

‘हवा.’

‘कुणासाठी?’

‘ऐकणाऱ्यासाठी,’ म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी मी मोरीत भांडी घासत होतो, नळ धो-धो सोडून. आतून हिची हाक आली, चांगली खणखणीत —

‘अहो! लाइट गेलेत! काम झालं माझं, सेव्ह केलंय!’

मी हात पुसत दारात गेलो. डावा तळवा डब्यावर. पेन्सिल टेबलाच्या कडेला पोचलेली.

मला कळलंच नव्हतं. तिने सांगितलं. मला!