मुलींच्या संडासाची कडी

उज्जैन, शनिवार, १९९३

लागली! एकदाची कडी लागली!

वर्षभर शाळेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. आम्हा शिक्षिकांचंही तेच. प्रिन्सिपलसरांना सांगून सांगून थकले. सोमवारी प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची पाळी माझ्या नववीची होती. शेअर बाजार, क्रिकेट झाल्यावर वर्गातल्या वर्षाने शेवटी वाचलं, "कन्या शौचालय में कुंडी नहीं है." कुंडी म्हणजे आपली कडी. मीच लिहून दिलं होतं. मंगळवारी, "आज भी नहीं है." बुधवारीही तेच.

सरांनी बोलावलं. "मैडम, ये भी कोई समाचार है?"

"सर, गलत हो तो बंद करवा दूँ?"

बोलले खरी, पण नंतर वाटलं, बदली करवली असती तर? कुठल्या खेड्यात जाऊन पडले असते!

काल सुतार आला. आज वर्षा माइकवर म्हणाली, "कुंडी लग गई!" अख्ख्या शाळेने टाळ्या पिटल्या. सरांनीसुद्धा!

शाळा सुटल्यावर एकटीच गेले. काही काम नव्हतं. आत जाऊन कडी लावली आणि नुसती उभी राहिले. बाहेर दार धरायला कुणी नव्हतं.