काजूबी की चिंचोका

२२ फेब्रुवारी २००३, शनिवार

बिघडवला. सरळ सरळ बिघडवला!

‘लोहमंडल’चे तीन जाडजूड खंड आमच्या विज्ञानकथा मंडळाने दोन वर्षं दर शनिवारी बसून वाचले. आज त्याच्यावरचा सिनेमा पाहिला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, सीडीवर, हिंदी डबिंग. मंडळाचे अकराही जण हजर. पंखा बंद, कारण त्याच्या आवाजात सिनेमातल्या राणीचं बोलणं ऐकू येईना.

यानं, ग्रह, वादळं – सगळं डोळे दिपवणारं. त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवट! पुस्तकात म्हातारी राणी राजमुद्रा देते ती एका साध्या यानचालकाला. त्याला ना कूळ, ना मूळ. तीन खंडांचा सगळा अर्थ तिथे आहे. सिनेमात काय? त्या चालकाच्या खांद्यावर जन्मखूण निघते, आणि तो राणीचा हरवलेला नातू ठरतो. आकाशगंगा ओलांडून गेले आणि शेवटी जत्रेत हरवलेलाच मुलगा सापडला.

मंडळातले काशीराम खोत म्हणाले, “वहिनी, लोकांना तेच पटतं हो. आमच्या गावात शिमग्याला पालखीखाली पहिला खांदा आमच्या घराचा. माझा खांदा दोन वर्षं धरलाय, पालखी पेलत नाही. तरी मान आमचाच. दुसऱ्याने हात लावला तर गाव पेटेल.”

“म्हणून ते बरोबर होतं का?”

“मी कुठे बरोबर म्हटलं? मी खांदा दुखतो म्हटलं.”

सगळे हसले. मीही.

१ मार्च, शनिवार

प्रत्येक सिनेमानंतर मंडळ एक ठराव करतं आणि वर्तमानपत्राला पाठवतं. ते बहुतेक वेळा छापत नाहीत. तरी करायचा. आजचा मसुदा माझा – “अधिकार रक्ताने मिळतो, लायकीने नव्हे, असे सुचवणारा हा बदल मूळ कादंबरीशी द्रोह करणारा असून हे मंडळ त्याचा निषेध करते.”

विरोध एकटीचा. नम्रता शिवगण. राजापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. इथे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बोलणं तिखट.

“काकू, द्रोह कसला? पुस्तकातली राणी काय धुतल्या तांदळासारखी आहे? दुसऱ्या खंडात आपल्या भाच्यालाच गादीवर बसवायला ती काय काय करते. तो लढाईत मरतो, म्हणून मुद्रा चालकाकडे जाते. भाचा जगला असता तर?”

“शेवटी दिली की नाही? ते महत्त्वाचं.”

“नाइलाजाने दिली. सिनेमावाल्यांनी निदान लपवाछपवी केली नाही. त्यांना घराणं हवं होतं, त्यांनी घराणं दाखवलं.”

मी म्हटलं, मुद्दा नोंदवला. मत घेतलं. दहा विरुद्ध एक. ठराव मंजूर.

माझ्या सुनेने, वैदेहीने, माझ्या बाजूने हात वर केला, पण जरा सावकाश.

८ मार्च

मे महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन. वीस वर्षं अध्यक्षपद सांभाळलं, पुरे झालं. वार्षिक सभा २९ला आहे. वैदेहीचं नाव सुचवीन. ती तीनही खंड कोळून प्यायलेली आहे, सभा वेळेवर सुरू करते, कुणाला वाहवत जाऊ देत नाही. नम्रताच्या हाती गेलं तर सगळा वेळ सिनेमातच जाईल, पुस्तकं धूळ खातील.

श्रीपतींना सांगितलं. बागेतून येऊन पाय धूत होते. म्हणाले, “छान. म्हणजे गादी घरातच.”

“गादी कसली? लायक आहे ती.”

“मी कुठे नाही म्हटलं? राणीसाहेब, पंचा द्या.”

नवऱ्याने विनोद करावा, पण वेळ पाहून.

१८ मार्च, शिमगा

काशीरामांनी यंदाही खांदा दिला म्हणे. आज हात वर होत नाही. मान त्यांचाच.

२२ मार्च, शनिवार

सभेहून येताना वैदेही वाटेतच म्हणाली, “आई, माझं नाव तुम्ही सुचवू नका. मी आपली आपण उभी राहते. सूचक दुसरं कुणी शोधीन.”

“का? माझ्या सुचवण्याला काय वास येतो?”

“तसं नाही.” मग थोडं चालून – “मी तुमची सून नसते, तर सुचवलं असतंत?”

काय प्रश्न! म्हटलं, भलतंसलतं विचारू नकोस, मासे घ्यायचेत. बाजारात बांगडा बरा मिळाला.

सून आहे म्हणून पुढे करायचं नाही, हे कबूल. पण सून आहे म्हणून मागे ठेवायचं, हा कुठला न्याय? सुचवणार. माझं ठरलंय.

२७ मार्च

दुसरा खंड काढला. नम्रताला पुराव्यानिशी गप्प करायचं होतं.

तिचंच बरोबर आहे. राणी आख्खा खंडभर भाच्यासाठी माणसं फोडते, शपथा मोडते. मी तो भाग दर वेळी भरभर वाचून पुढे गेले असणार. मला शेवटाची घाई.

आणि एक जागा तर साफ विसरले होते. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी भाचा राणीला विचारतो – मी तुझा कुणी नसतो, तर मला निवडलं असतंस का? राणी उत्तर देत नाही. खिडकीबाहेरचं वादळ बघत राहते. निदान मासे तरी घ्यायला गेली नाही.

भाचा वाईट नाही. बहुधा चांगला राजा झाला असता. पण त्याला स्वतःला ते कधीच कळणार नव्हतं.

असो. कादंबरी आहे. शनिवारी सभा.

२९ मार्च, शनिवार

मी वैदेहीचं नाव सुचवलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काशीराम उठले. ठराव-वही उघडली, चष्मा लावला आणि १ तारखेचा ठराव खड्या आवाजात वाचला. माझाच मसुदा. “अधिकार रक्ताने मिळतो, लायकीने नव्हे...”

“सून रक्ताची नसते,” मी म्हटलं.

“खरं आहे वहिनी. ठरावात दुरुस्ती करू या का मग? रक्ताने किंवा लग्नाने?”

खोली हसली. मीही हसले असते, पण वैदेहीचे कान लाल झालेले दिसले. काशीरामांनी नम्रताचं नाव सुचवलं. ती उठून एवढंच म्हणाली, “वैदेहीताई माझ्यापेक्षा जास्त तयारीच्या आहेत. पण निवड व्हायला हवी. नेमणूक नको.”

मतदान नेहमीसारखं. चिठ्ठ्यांचा इथे उपयोग नाही, सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर पाठ. म्हणून प्रत्येकाला एक काजूबी, एक चिंचोका. फडक्याखाली मडकं. एक बी आत टाकायची, उरलेली खिडकीतून परसात भिरकावायची, कुणाला दिसता कामा नये. काजूबी वैदेहीची, चिंचोका नम्रताचा. अध्यक्षाची पाळी शेवटची.

हात मडक्यात घातला. वैदेही समोर ताठ बसली होती, जिंकल्यावर कसा चेहरा करावा हे न ठरलेल्या माणसासारखी. ती जिंकली असती, तर काशीरामांपासून सगळे जन्मभर हसून म्हणाले असते, गादी घरातच. आणि तिला कधीच कळलं नसतं.

सहा चिंचोके, पाच काजूबिया. नम्रता.

हाराचा मान मावळत्या अध्यक्षाचा, म्हणून मीच हार घातला. सभा वेळेवर संपली.

३० मार्च

वैदेही सकाळपासून भांडी आपटते आहे. दुपारी बोलली.

“काशीरामकाकांनीच कुणाला तरी फिरवलं. पाच जणी मला नक्की म्हणाल्या होत्या, सहावं माझं. मी मोजलं होतं. एक मत फुटलं.”

मोजलं होतं! मला वाटत होतं, तिला एवढी हौस नाही.

“तुम्ही सुचवलंत तिथेच मी हरले,” ती म्हणाली. “नाहीतर तो ठराव काढायचं त्यांना सुचलंच नसतं.”

यावर बोलण्यासारखं होतं. मी भांडी आवरायला घेतली. ती मला त्या पाच जणींत धरून चालली आहे.

श्रीपतींनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, आंब्याच्या पेट्या मोजा.

२ एप्रिल, पाडवा

गुढीसाठी जरीचा खण काढायचा होता. कपाटाच्या किल्लीसाठी वैदेहीने माझी पर्स उघडली. तळाशी काजूबी. परसात भिरकावायची राहून गेली होती.

तिने ती तळहातावर धरून बराच वेळ पाहिली. काजूबी इथे, म्हणजे मडक्यात काय गेलं ते सांगायची गरज नव्हती. मी तरी सांगितलं. भाच्याचा प्रश्नही सांगितला.

गुढी उभारली, नैवेद्य झाला. मग ती काजूबी स्वतःच्या पर्समध्ये टाकून म्हणाली, “पुढच्या वर्षी मी उभी राहणार. ही तेव्हा परत देईन. सुचवायचं मात्र नाही.”