राँग नंबर

मंगळवार, १६ मार्च

ताईस,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील, कालच्या पत्रातलं अक्षर तरी ठणठणीत होतं. "ठमीला आता माझ्याकडे पाठवून दे, इथल्या शाळेत नाव घातलंय. तुझे उपकार विसरणार नाही." उपकार! तुझी कुंडी सांभाळत होतो का मी एवढी वर्षं?

डोकं असं फिरलं की कामावर, प्राणिसंग्रहालयात, फ्लेमिंगोंच्या तळ्याशी खाण्याची बादली आपटली. अख्खा कळप पलीकडच्या काठाला पळाला. अंडी उबवायचे दिवस, त्यात हा तमाशा. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, आणि बरोबरच झापलं.

"शेवटी तू पुरुषमाणूस," असंही लिहिलंयस. ये एकदा बघायला. आमच्याकडे नरसुद्धा पिल्लाला दूध पाजतो. नर-मादी दोघांच्याही घशात ते तयार होतं, लालभडक, आणि थेंबथेंब पिल्लाच्या चोचीत उतरतं. पाजून पाजून त्यांचा गुलाबी रंग उडतो. कुंपणाशी उभे असलेले लोक म्हणतात, हा आजारी दिसतोय. आजारी नाही हो, बाप आहे, असं मी ओरडून सांगतो. ठमीला गोवर आला होता तेव्हा माझं तोंड बघून नाक्यावरच्या न्हाव्यानेही तेच विचारलं होतं. तू तेव्हा फोनवर म्हणालीस, "सुट्टी मिळत नाही रे."

त्या फोनबद्दल लिहिणार नव्हतो. म्हणजे गेल्या आठवड्यातल्या. पण आता लिहितोच.

फ्लेमिंगोचं पिल्लू अंड्यात असतानाच आवाज देऊ लागतं, आणि आईबाप वरून उत्तर देतात. पुढे मोकळ्या पाणथळीत शेकडो करडी पिल्लं एकत्र असतात, सगळी सारखीच. तरी आईबाप नुसत्या आवाजावरून आपलं पिल्लू शोधतात आणि त्यालाच भरवतात. ठमीला हे मीच सांगितलं होतं. कुठून अवदसा आठवली!

तू फोन केलास तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. ठमीने उचलला. "हॅलो" म्हणाली. तू विचारलंस, "कोण बोलतंय?" ती पुन्हा "हॅलो" म्हणाली, जरा मोठ्याने. तू परत तेच विचारलंस. मग ती "राँग नंबर" म्हणाली आणि फोन ठेवला. तुला ते खरंच वाटलं ना? तिला मात्र तुझा आवाज पहिल्याच शब्दाला कळला होता.

जेवताना हे सगळं सांगून म्हणाली, "मामा, आईला कमी ऐकू येतं का?" मी म्हटलं, लाइन खराब असते. अजून तुझीच बाजू सावरतोय, बघ. माझा मलाच संताप येतो.

आणि आता जे लिहायला जिवावर येतंय ते. तिला यायचंय. तुझं पत्र वाचलं आणि तिने बॅग काढली. माझ्याकडे बघून परत ठेवली. कालपासून दार लोटून, बंद फोन कानाला लावून "हॅलो आई" म्हणून बघतेय. कधी बारीक आवाजात, कधी जाड. कुठला तुला ओळखू येईल ते तिला ठरवता येत नाही.

मी अडवणार नाही. पण पाठवणारही नाही, पार्सल नाही ती. न्यायला तू ये. आणि त्याआधी रविवारी सकाळी फोन कर. तीच उचलेल. "कोण बोलतंय" विचारायचं नाही.

"तुझा भाऊ" लिहायला आज हात वळत नाही.

ठमीचा मामा