बराकाला हसणारी माणसं

कोथरूड, पुणे
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
सृष्टीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई अर्धंच पोचवते, म्हणून पत्र. आमच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आजवर मी इतरांच्या स्किटांना ठिगळं लावत होते. आता पहिल्यांदा पूर्ण माझं स्किट होतंय.

आमच्या सोसायटीत बराका नावाचा टांझानियाचा विद्यार्थी फ्लॅट बघायला आला होता. कमिटीने त्याची मुलाखतच घेतली. रात्री ढोल वाजवतोस का, असं सेक्रेटरींनी विचारलं. हेच सेक्रेटरी गणपतीत आमच्या खिडक्या हादरवतात. नंतर मालकाचा विचार बदलल्याचा निरोप गेला. मी ते जसंच्या तसं लिहिलंय. बराकाला विचारलं, तेव्हा त्याची एकच शंका होती की लोक कमिटीलाच हसतील ना. मी छातीठोकपणे हो म्हटलं आणि त्याला शूटिंगलाही बोलावलंय.

सतरा तारखेला तुम्ही, आई आणि अक्षताने नक्की बघा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सृष्टी


पुसद
१९ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम पाहिला. तुझं नाव आलं तेव्हा आईने टाळी वाजवली. पुढचं मी कानांशिवाय पाहिलं, चुकलं असेल तर दुरुस्त कर. एका नटाच्या तोंडाला काळं फासलं होतं, ओठ लालभडक. तो उड्या मारत केळं सोलत होता आणि समोरची माणसं पोट धरून हसत होती. मग पुढच्या रांगेतल्या एका खऱ्याखुऱ्या काळ्या मुलाला वर ओढून त्या रंगवलेल्याशेजारी उभं केलं. तो हसत होता, पण मान खाली. तोच का तुझा बराका?

आईने तिथेच टीव्ही बंद केला. पोरीचं आहे, पूर्ण बघू, असं मी म्हटलं, तर पोरीचं आहे म्हणूनच बंद केला म्हणाली.

काल अक्षता शिकवून परतली ती शाळेतून रडतच आली. तुझ्या बहिणीचा रंग तुला ठाऊकच आहे. सातवीच्या पोरांनी फळ्यावर 'बराका मॅडम' लिहिलं आणि टेबलावर केळं ठेवलं. मुलं टीव्हीवरची गंमत करतात, मनाला लावून घेऊ नका, अशी हेडमास्तरांनी तिचीच समजूत काढली. स्किट बहिणीचं आहे हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.

राग आला असता तर बरं होतं. मला किळस आली. तू नेमकं काय लिहिलं होतंस ते कळव. जेवण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, ते तुटत नसतात.

नागोराव


कोथरूड, पुणे
२५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाहिलंत ते तसंच होतं. ऐकू आलं असतं तर आणखी शिसारी आली असती.

कमिटीची सगळी वाक्यं दिग्दर्शक पियुषने शूटिंगच्या सकाळी कापली. सोसायटीवाले आपलेच प्रेक्षक, त्यांना कशाला दुखवायचं, असं त्याचं म्हणणं. बराकाचं नाव मात्र ठेवलं. तो काळा रंग बघून मी भांडले, तर ही कॉमेडी आहे, प्रबंध नाही, असं ऐकवलं. बराकाला स्टेजवर घेणं कुणाच्याच कागदावर नव्हतं. यातला ओरिजिनल कोणता, असं सूत्रसंचालकाने विचारलं आणि बाबा, टाळ्या पडल्या! मी वर जाऊन त्याला हाताला धरून खाली आणलं. तेवढं एडिटमध्ये काढून टाकलं.

माझं नावही काढा म्हटलं, काढलं नाही. उलट लोकांना तो बराका फार आवडला म्हणून दुसरा भाग मागितला. मी काम सोडलं. तेव्हा ऑफिसात कार्यक्रम टीआरपीत पहिला आल्याचा केक कापत होते, पियुषने एक तुकडा मलाही पुढे केला. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले, त्या लोकांना बरोबर दाखवलंत म्हणाले. घरी येऊन मी दोनदा हात धुतले.

गुरुवारी पुसदला येते आहे. अक्षताची हरकत नसेल तर तिच्या वर्गात जाऊन, ते स्किट माझ्या नावावर आहे आणि मला त्याची लाज वाटते, हे मुलांना सांगेन. हेडमास्तरांनाही बसवेन.

बराकाला खडकीत खोली मिळाली. काल जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला. टीव्हीवर येणार म्हणून त्याने आईला कळवलं होतं. तिने शेजारपाजार जमवून ते मोबाईलवर पाहिलं. मराठीचा एक शब्द कुणाला कळला नाही, बाकी सगळं कळलं. आता त्याने तिला सांगितलंय की तो अभिनय होता, आधी ठरवून केलेला. तिचा कधी फोन आला, तर मीही तेच सांगावं आणि त्याचं काम छान झालं म्हणावं, एवढंच त्याने मागितलं. मी कबूल केलं.

आईला नमस्कार, अक्षताला जवळ घ्या, आणि मी आले की मलाही.

तुमची,
सृष्टी