तलावाच्या पाळीतल्या पोपटी साड्या

गुरुवार, सांजेला

आज हसून हसून पोट दुखलं. प्रचाराला आलेल्या पक्षानं परवा आम्हा बायांना एकेक पोपटी साडी वाटली. गरीब बाई दिसली की यांना साडीच का सुचते? आमची गरिबी गावतलावाच्या फुटक्या पाळीतून येते; बांधच फुटका, म्हणून पाणी वाहून जातं, धान वाळतं, हे दर निवडणुकीला सांगतो. ऐकतं कोण.

आज आम्हीच पाळ बुजवायला गेलो. पोती कमी पडली. मग शेजारच्या शेवंताबाईनं आपली पोपटी साडी आणली, माती भरून गाठ मारली आणि भगदाडात टाकली. मागोमाग आम्ही सगळ्यांनी. माझं मन जरा हळहळलं, काठ छान होता. पण पाणी थांबलं.

तेवढ्यात पक्षाचा माणूस फोटो काढायला आला.

"बाई, साड्या कायले नाही नेसल्या?"

"पाळीले नेसवल्या," शेवंताबाई म्हणाली. "साहेबाले सांगा, तिले लय शोभून राहिल्या."

तो पोपटी रंगाकडे बघत राहिला, मग तोही हसला.

एक भोक अजून उरलंय. दुसऱ्या पक्षाची इतकी वाट मी आजवर कधी पाहिली नव्हती.