स्वेटर पुलापाशी निघाला

बाई, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता चिडून काय उपयोग, हे मलाही कळतं. पण आज सकाळी शाळेला जाताना मी स्कुटीच्या मागच्या सीटवरून ओरडले, "थांब गं जरा, स्वेटर काढते." अगदी तुमच्या आवाजात. पुढे बसलेली माझ्या शाळेतली नवी मॅडम करकचून ब्रेक मारून थांबली आणि घड्याळाकडे बघत राहिली. पूर्वी मी बघायचे ना, तशीच. माघ अजून सरला नाही आणि स्वेटर पुलापाशी निघाला. कपाळ माझं! तुमची ही खोड मला कधी लागली ते कळलंसुद्धा नाही.

तेव्हा स्कुटी मी चालवायचे आणि मागे तुम्ही असायचात. पारनेरच्या बाजूची माळावरची दोन शिक्षकी शाळा, तुम्ही मुख्याध्यापक, मी नोकरीला नवी. नगर सुटलं की तुमचं सुरू. (आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, बाई, पण कंडक्टर अजून 'चला नगर, नगर'च ओरडतात.) "आज ओढ्यात लई गार लागलं, माळावर न्हाई." "वारं फिरलं बघ, आता मावळतीकडनं येतंय." "आभाळ आलंय, हरबऱ्यावर आळी पडती का काय." घरी आठ महिन्यांचं बाळ, झोपेचं खोबरं झालेलं, मी आपली नुसती हं हं करायचे. मग तुम्ही माझ्या पाठीत बोट खुपसायचात. "हं काय हं? बघितलंस का तू?" अहो, मी रस्ता बघू का आभाळ!

आणि तो तपकिरी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. पौषात तो शाळेच्या दारापर्यंत अंगावर असायचा. माघ लागला की गावच्या पाण्याच्या टाकीपाशी निघायचा, काही दिवसांनी अलीकडच्या पोल्ट्रीपाशी, मग त्याच्याही अलीकडे पुलापाशी. दरवेळी मी गाडी थांबवायची, तुमची पिशवी धरायची, तुम्ही सावकाश बटणं काढणार, घडी घालणार, वर म्हणणार, "आज पोल्ट्री. काल टाकी होती." घरी गेल्यावर कॅलेंडरच्या चौकोनात तेवढंच लिहायचात. टाकी. पोल्ट्री. पूल. बाकीच्या बायका तिथे गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते लिहितात. स्वेटर नगरजवळच्या फाट्यावरच निघाला की समजायचं, आता सकाळची शाळा लावायला पाहिजे, असा तुमचा हिशोब.

शाळेत पोचल्यावरही सुटका नाहीच. फळ्यावर तारीख, पट, हजेरी यांच्या खाली तुमची एक जादा ओळ असायची, 'आजची हवा'. एकदा कंटाळून मी लिहिलं, 'हवा छान आहे.' तुम्ही पदरानं पुसलंत. सगळ्या पोरांसमोर. "छान म्हंजी काय? भाकरी हाय का ती, छान असायला? काय दिसलं त्ये लिही." पोरं फिदीफिदी हसली. मला इतका राग आला होता की दुपारी डबासुद्धा मी तुमच्याबरोबर खाल्ला नाही. तुम्ही शेवग्याच्या फुलांची भाजी माझ्या टेबलावर ठेवून गेलात आणि ती मी रागारागानं खाल्ली. चांगली झाली होती.

या सगळ्या खटाटोपामागं तुमचं म्हणणं मात्र एकच होतं. तिसरी-चौथीची खोली पत्र्याची. माघ संपता संपता दुपारी दोननंतर तिथे भट्टी पेटायची, पोरं वहीवर डोकं टाकून पडायची. बाहेर लिंबाखाली बसवावं, तर त्याची पानं नेमकी याच दिवसांत झडतात. आणि सकाळची शाळा लागणार मार्चात, तीही वरून परिपत्रक आल्यावर. "ऊन काय परिपत्रक वाचून येतं व्हय?" असं म्हणत तुम्ही अर्ज लिहायला बसलात. त्यात लिहिलंत काय, तर 'चालू महिन्यात स्वेटर पुलापाशी काढावा लागत आहे.' मी म्हटलं, "बाई, सरकारी अर्जात स्वेटर लिहितात का?" तर म्हणे, "मग काय लिवू? थर्मामीटर दिलाय का त्यांनी?"

मला ती सकाळची शाळा नको होती, बाई. सातची शाळा म्हणजे सहाच्या आत घर सोडायचं, अंधारात, बाळाला अंगावरून सोडवून. पुन्हा त्या वेळी गारठा असायचाच, म्हणजे स्वेटर परत अंगात. तुम्हाला हे मी कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग फाल्गुन लागता लागता केंद्रप्रमुख भेटीला आले. आपल्यासारख्या दहा-बारा शाळांवर फिरणारे ते साहेब. दुपारची वेळ, पत्र्याच्याच खोलीत उभे होतो, वर पत्रा तडतड वाजत होता. तुम्ही अर्ज पुढे केलात. त्यांनी 'स्वेटर' वाचलं, हसू दाबलं आणि माझ्याकडे वळले. "काय मॅडम, तुम्हाला पण होतंय का इतकं गरम?" मी म्हणाले, "नाही सर, मला तर अजून गारठाच वाटतो. बाईंचं आता वय आहे ना तसं." वय म्हणजे कसलं, ते फोडून सांगावं लागलं नाही. पाळी जायच्या दिवसांत बाईच्या अंगाची लाही लाही होते, हे त्यांनाही घरून माहीत असणार. ते हसले, त्यांच्याबरोबर आलेले गुरुजी हसले, अर्जाची घडी होऊन खिशात गेली. जाताना तुम्हाला म्हणाले, "बाई, डॉक्टरला दाखवून घ्या." मीही हसले होते, बाई. तुम्ही बघितलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागे बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. पोल्ट्री गेली, टाकी गेली. मी दोनदा वेग कमी केला, पण तुम्ही थांब म्हणाला नाहीत. शाळेपाशी उतरलात तेव्हा स्वेटर गळ्यापर्यंत बंद आणि घाम कानशिलावरून हनुवटीपर्यंत आलेला. तशाच आत गेलात. परिपत्रक येईपर्यंत रोज तसंच. दुपारी खिडक्यांना ओली गोणपाटं टांगायचात, पोरांच्या डोक्यांवर ओले रुमाल घालायचात, माझ्याशी कामापुरतं बोलायचात. एकदा तरी भांडायचं होतंत की! मला शिव्या घालायच्या, चारचौघांत पाणउतारा करायचा. फळा पुसताना बरा जोर यायचा अंगात. तुम्ही गप्प बसून मला अद्दल घडवलीत, आणि उन्हाळ्यात बदली होऊन निघूनही गेलात. दोन वर्षांनी दहाव्यालाच आले मी. तुमच्या लेकीनं चहा दिला, मी तो प्यायले आणि परत आले.

आता माझं एक्कावन्न चालू आहे. शाळा दुसरी, माळ दुसरा, रस्ता पुलापर्यंत तोच, पत्रा तसाच. आणि हवेचा तर कसला म्हणून भरवसा राहिलेला नाही. संक्रांतीला पंखा लावला, मग आठ दिवस हाडं गोठवणारी थंडी, मग एकदम हे ऊन. आंब्याचा मोहर आला, आला म्हणेपर्यंत काळा पडला. त्यात माझं हे असं. पुलापाशी अंग पेटतं तेव्हा मला कळत नाही की ही हवा आहे का माझं वय. मोबाईलमध्ये बघावं तर तो नगरचं तापमान सांगतो, माझ्या पत्र्याखालचं त्याला काय माहीत? मग मी पोरांना विचारते, "गरम होतंय का रे?" पोरं म्हणतात, "व्हय मॅडम, लई." तरीही खात्री वाटत नाही. पोरं काय, मी विचारलं म्हणून व्हय म्हणतात. डोक्याला नुसता ताप.

गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. गणित करता करता नाकातून रक्त वहीवर. आई-बाप तिचे कोपरगावकडे ऊसतोडीला, म्हातारी आजी धावत आली. पोरगी घाबरून रडते आहे, नवी मॅडम तिच्या डोक्यावर पाणी थापते आहे, आणि मी उभी. त्याच दुपारी अर्ज लिहिला. सकाळची शाळा लवकर लावण्याची परवानगी मिळावी. त्यात स्वेटर लिहिला नाही मी. माझी छातीच झाली नाही.

आज केंद्रप्रमुख आले. हे वेगळे, तरुण आहेत, पण अर्ज वाचून झाल्यावर मान नव्या मॅडमकडे कशी वळली सांगू? तशीच. "मॅडम, तुम्हाला पण गरम होतंय का हो?" नव्या मॅडमला दहा महिन्यांचं बाळ आहे. सहाला निघायचं म्हणजे तिचे काय हाल होतील हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ती काय बोलणार ते मला ठाऊक होतं. मी जमिनीकडे बघत राहिले. ती म्हणाली, "हो सर. होतंय." एवढंच. आणि पेन काढून माझ्या सहीखाली सही केली. साहेबांनी "वर पाठवतो, बघू" म्हणून अर्ज नेला. आता वर काय होतंय ते होवो.

परतताना ती पुलापाशी आपणहून थांबली. "मॅडम, खरं सांगू? मला नाही होत अजून फारसं गरम. पण तुम्हाला होतंय म्हटल्यावर तुम्ही खोटं कशाला बोलाल?" "चल, बाळ वाट बघत असेल," मी म्हटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, वहीतच राहणार, म्हणून लिहिते. बाई, त्या दिवशी पत्र्याखाली मलाही गरम होत होतं. ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि साहेबांना दिसू नये म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभी होते.