मिठाच्या वखारीचं छप्पर

तीर्थरूप बाबांना, दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे. मिठाने हात फुटलेत आणि अंग आंबून गेलंय, एवढंच.

इथे मिठाच्या जुन्या वखारीची डागडुजी चाललीय. मीठ लोखंड खातं, म्हणून बांधणाऱ्यांनी अख्खं छप्पर लाकडी खुंट्यांवर जोडलं होतं. पुढे कुणीतरी लोखंडी पट्ट्या ठोकल्या. त्या गंजल्या आणि काल एक तुळई खाली आली. काळजी करू नका, मी नुकतीच पाणी प्यायला बाहेर गेले होते.

मुकादम म्हणाले, "सगळंच पाडून टाकू."

"थांबा," मी म्हटलं, "माझे बाबा सुतार आहेत, त्यांना विचारते."

अर्धांगाच्या झटक्यापासून तुम्ही पटाशी हातात घेतली नाही, असं आई सांगते. जेवण जातं ना? तुळई कशी सांधायची, ते कळवा. आईकडून लिहवून घेऊ नका. रेघ वाकडी आली तरी चालेल, पण आकृती तुम्हीच काढा.

तुमची,
थोरली